परदेशगमन, शस्त्रक्रिया आणि प्रतिकारक्षम जंतुसंसर्ग : चिकित्सक व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

विषयप्रवेश

स्वदेश सोडून परदेशी जाऊन शस्त्रक्रिया करवून घेणे ही गोष्ट एके काळी राजेरजवाड्यांपुरती मर्यादित होती. आज ती मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आली आहे. आपल्या पलूस, तासगाव, खानापूर, वाळवा या तालुक्यांतील माणसे सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त प्रथम देशभर पसरली. त्यांच्या पुढच्या पिढीतील अनेकजण आता आखाती देशांत, युरोपात, अमेरिकेत स्थिरावले आहेत. तिकडे दंतचिकित्सा, गुडघ्याचे सांधारोपण किंवा पित्ताशयाची शस्त्रक्रिया महाग, अथवा तिच्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागणारी. म्हणून सुट्टीवर गावी आल्यावर पुण्यात, मुंबईत किंवा मिरजेस शस्त्रक्रिया उरकून घ्यावी आणि टाके निघताच विमानात बसावे, अशी पद्धत रूढ होऊ पाहत आहे. उलटपक्षी, मुलाकडे सहा महिने राहावयास गेलेल्या आईवडिलांवर तिकडेच अकस्मात शस्त्रक्रिया करावी लागते व ते अर्धवट भरलेला व्रण घेऊन गावी परततात.

अशा रुग्णांच्या बाबतीत ‘परदेश’ म्हणजे कोणता देश, हा प्रश्नच आहे. दुबईत राहणाऱ्याने पुण्यात केलेली शस्त्रक्रिया ही तेथील वैद्यांच्या दृष्टीने परदेशी शस्त्रक्रियाच होय. किंबहुना या विषयावरील जागतिक वाङ्मयात ‘परदेश’ म्हणून ज्या देशाचे नाव वारंवार येते तो आपला भारत आहे. ही बाब अप्रिय असली तरी तिच्याकडे पाठ फिरविता येणार नाही. शस्त्रक्रिया कोठेही झाली तरी ताप, पू, न भरणारा व्रण या तक्रारी घेऊन रुग्ण प्रथम गावच्या वैद्याकडे आणि त्याही आधी गावच्या औषधाच्या दुकानात येतो. म्हणून हा विषय आपला आहे.

मुंबईने दिलेले दोन धडे

पहिला धडा १९८०च्या दशकातील आहे. त्या काळी आखाती देशांतील मूत्रपिंडाचे रुग्ण मुंबईस येऊन पैसे देऊन मूत्रपिंड मिळवीत व शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत मायदेशी परतत. १९८४ ते १९८८ या काळात मुंबईत असे प्रत्यारोपण करवून घेतलेल्या, संयुक्त अरब अमिराती व ओमान येथील १३० रुग्णांचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षातील मृत्यूंचे प्रमाण चिंताजनक होते, जंतुसंसर्गाचा त्यांत मोठा वाटा होता आणि काही रुग्णांना तर एचआयव्हीचा संसर्ग झालेला आढळला. पुढे १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत झाला व फेब्रुवारी १९९५ पासून तो ज्या राज्यांत प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा होते. या कायद्याचा उद्देश अवयवविक्रीस आळा घालणे हा होता. तथापि घाईने केलेली शस्त्रक्रिया, दात्याची अपुरी तपासणी आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच सुटणारा वैद्याचा हात, या तीन गोष्टी संसर्गाला कसे दार उघडतात हेही त्या प्रकरणाने दाखवून दिले.

दुसरा धडा मुंबईच्याच हिंदुजा रुग्णालयाने दिला. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या चार महिन्यांत तेथील सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने कार्बापेनेम वर्गातील प्रतिजैविकांना दाद न देणारे २४ जंतू तपासले. त्यांपैकी २२ जंतूंमध्ये एनडीएम-१ नावाचे विकर निर्माण करणारे जनुक आढळले. हा शोधनिबंध मार्च २०१० मध्ये भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे परदेशी नियतकालिकांत गाजावाजा होण्यापूर्वीच मुंबईतील वैद्यांनी हा धोका आपल्याच नियतकालिकात मांडला होता.

नामकरणाचा वाद

या विकराचे पूर्ण नाव ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ असे आहे. भारतात रुग्णालयीन उपचार घेऊन २००८ च्या आरंभी स्वीडनला परतलेल्या, तेथील भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या मूत्रात क्लेबसिएला जातीचा असा जंतू प्रथम सापडला व डिसेंबर २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये विस्तृत अभ्यास आला. चेन्नईत ४४, हरियाणात २६, भारत-पाकिस्तानातील अन्य ठिकाणी ७३ व ब्रिटनमध्ये ३७ असे जंतू त्यात नोंदविले होते. ब्रिटनमधील २९ रुग्णांपैकी किमान १७ जण आधीच्या वर्षभरात भारतात वा पाकिस्तानात येऊन गेले होते व त्यांतील १४ जण येथील रुग्णालयांत दाखल झाले होते. काही सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेसाठीही आले होते.

यावर आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. भारताच्या वैद्यकीय पर्यटनाला खीळ घालण्याचा हा डाव आहे, असे आरोप झाले; केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही निष्कर्ष नाकारले. एखाद्या शहराचे नाव जंतूच्या विकराला चिकटविणे अनुचित होते, यात शंका नाही. जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संपादकांनीही त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. परंतु नाव चुकले म्हणून रोग खोटा ठरत नाही. एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हे जनुक आढळले. अर्थात प्रश्न केवळ शस्त्रक्रियागृहापुरता नव्हता. तो पाणी, सांडपाणी व प्रतिजैविकांच्या अनिर्बंध वापरापर्यंत पोहोचत होता. स्वाभिमान अवश्य असावा, परंतु तो रुग्णाच्या व्रणावर झाकण घालण्यासाठी वापरू नये, असे आम्हास नम्रपणे वाटते.

हा जंतू करतो काय?

पेनिसिलीन, सिफॅलोस्पोरिन व कार्बापेनेम या सर्वांच्या रेणूत ‘बीटा-लॅक्टॅम’ नावाचे एक वलय असते व त्यावर औषधाचे कार्य अवलंबून असते. एनडीएम हे विकर जस्ताच्या अणूंच्या साहाय्याने ते वलय फोडते आणि औषध निष्प्रभ होते. कार्बापेनेम ही अत्यवस्थ रुग्णासाठी राखून ठेवलेली शेवटच्या फळीतील औषधे. तीच निकामी झाली म्हणजे उरलेले पर्याय थोडे, महाग आणि पुष्कळदा वृक्कास हानिकारक असतात.

याहून गंभीर गोष्ट अशी की, हे जनुक ‘प्लाझ्मिड’ नावाच्या सुट्या वलयाकृती डीएनएवर असते. एक जंतू ते दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याला किल्लीची नक्कल करून द्यावी, तसाच हा प्रकार. शिवाय असे जंतू निरोगी माणसाच्या आतड्यात कोणतेही लक्षण न दाखविता राहू शकतात. नेदरलँड्समधील प्रवाशांच्या एका मोठ्या अभ्यासात (२०१७) असे दिसले की, दक्षिण आशियात प्रवास केलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांनी परतताना ‘ईएसबीएल’ प्रकारचे प्रतिकारक्षम जंतू आतड्यात सोबत नेले. हे जंतू एनडीएमइतके भयंकर नव्हेत, आणि बहुतेकांच्या शरीरातून ते काही आठवड्यांत नाहीसे झाले. तथापि दहापैकी सुमारे एकात ते वर्षभर टिकून राहिले. हे लोक रुग्ण नव्हते, केवळ प्रवासी होते. मग ज्याच्या मूत्रमार्गात नळी, शिरेत सुई आणि उदरावर व्रण आहे, त्याची गोष्ट वेगळी सांगावयास नको.

परिणाम किती टोकाचे होऊ शकतात याचे उदाहरण अमेरिकेतील नेवाडा राज्यात घडले. भारतात मांडीचे हाड मोडल्यानंतर अस्थिसंसर्गासाठी येथील रुग्णालयांत अनेकदा दाखल झालेली एक वृद्ध स्त्री २०१६ मध्ये तिकडे परतली व सप्टेंबरमध्ये निवर्तली. तिच्या शरीरातील क्लेबसिएला जंतूवर अमेरिकेत उपलब्ध असलेल्या २६ प्रतिजैविकांपैकी एकही लागू पडले नाही. तोही एनडीएमधारी जंतूच होता. आता ॲझट्रिओनाम व ॲव्हीबॅक्टाम यांच्या संयोगाचा मार्ग खुला झाला आहे. परंतु तो मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांचा विषय आहे, आणि जंतू त्यावरही मात करावयास शिकत आहेत.

हा दोष एकट्या भारताचा आहे असे मात्र कोणी समजू नये. स्वस्त शस्त्रक्रियेसाठी मेक्सिकोत जाणाऱ्या अमेरिकन रुग्णांमध्ये २०१८-१९ साली तिहुआना येथील स्थूलताविषयक शस्त्रक्रियांनंतर कार्बापेनेम-प्रतिकारक्षम स्यूडोमोनास जंतूचा उद्रेक झाला. २०२३ मध्ये मातामोरोस येथे पाठीच्या कण्यातून भूल दिलेल्या रुग्णांना फ्युसेरियम या बुरशीचा मस्तिष्कावरणशोथ झाला व अनेकजण दगावले. देश कोणताही असो, घाई, स्वस्ताई व शस्त्रक्रियेनंतर तुटणारा संपर्क हे त्रिकूट सर्वत्र एकच आहे.

उशिरा प्रकट होणारा संसर्ग

सर्वच संसर्ग पहिल्या आठवड्यात दिसत नाहीत. सामान्य शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत, तर कृत्रिम सांधा किंवा जाळी बसविली असल्यास किमान ९० दिवसांपर्यंत, आणि क्वचित त्याहूनही पुढे, संसर्ग प्रकट होऊ शकतो. तोवर रुग्ण देश बदलून मोकळा झालेला असतो.

यात विशेष लक्षात ठेवण्याजोगा प्रकार म्हणजे क्षयेतर मायकोबॅक्टेरिया. दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेची उपकरणे जंतुनाशक द्रावणात अपुरा वेळ बुडवून नंतर नळाच्या पाण्याने धुतली, तर पाण्यातील हे जंतू उपकरणावर राहतात. मग तीन-चार आठवड्यांनी, टाके उत्तम भरून आल्यानंतर, छिद्राच्या जागी कठीण गाठ येते, ती फुटून पातळ स्राव वाहू लागतो. ताप बहुधा नसतो.

आमच्या चिकित्सालयात आलेल्या एका रुग्णेचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. आखाती देशात राहणाऱ्या या भगिनीवर सुट्टीत एका महानगरातील रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती. पाच आठवड्यांनी नाभीजवळ गाठ आली. आमच्याकडे येण्यापूर्वी दुकानातून परस्पर घेतलेल्या प्रतिजैविकांचे दोन प्रयोग होऊन गेले होते. इतिहास व व्रणाचे स्वरूप पाहून आम्ही लेप वा धावन न करता तिला मिरजेस शल्यचिकित्सकांकडे पाठविले आणि सोबतच्या पत्रात मायकोबॅक्टेरियाची तपासणी व दीर्घ संवर्धन करण्याची विनंती केली. शंका खरी ठरली. अनेक महिन्यांच्या संयुक्त औषधोपचाराने व्रण भरला. सामान्य पू-तपासणीत हा जंतू सुटून जातो. कारण तो मागितल्याशिवाय कोणी शोधत नाही.

शास्त्रदृष्टी

शस्त्रकर्मानंतरची काळजी हा आपल्या शास्त्रास नवीन विषय नाही. सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग केले. सूत्रस्थानातील व्रणितोपासनीय अध्यायात व्रणिताचे गृह स्वच्छ असावे, नखे व केस लहान ठेवावेत, वस्त्र शुभ्र असावे, तसेच सर्षप, निंबपत्र, घृत व लवण यांचे धूपन दिवसातून दोनदा दहा दिवस करावे असे सांगितले आहे. निदानस्थानातील कुष्ठनिदानाच्या अखेरीस स्पर्श, श्वास, सहभोजन, एकत्र शयन, वस्त्र व माला यांच्याद्वारे एकापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या औपसर्गिक रोगांचा उल्लेख आहे. परदेशी शस्त्रक्रियेत जे वगळले जाते ते नेमके पश्चात्कर्म होय. प्रधानकर्म एका देशात आणि पश्चात्कर्म कोणाच्याच हाती नाही, अशी अवस्था होते.

तथापि या वचनांच्या आधारे प्रतिकारक्षम जंतूवर आपल्याकडे हमखास औषध आहे असा दावा कोणीही करू नये. धूपन व वनस्पतिद्रव्यांचा जंतुघ्न गुण हा संशोधनाचा विषय आहे. रक्तात पसरलेल्या क्लेबसिएलाला तो उत्तर नाही. शास्त्राचा गौरव अचूक मर्यादा सांगण्यात आहे.

चिकित्सकांसाठी सूचना

१) ताप, व्रण वा मूत्रदाह असलेल्या प्रत्येक रुग्णास, गेल्या वर्षभरात परदेशी किंवा परगावी रुग्णालयात दाखल होता काय, कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणती प्रतिजैविके घेतली, हे विचारून नोंदवावे.

२) प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी पू, मूत्र अथवा रक्त यांचे संवर्धन व संवेदनशीलता तपासणी व्हावी. सांगली-मिरज आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. ‘आधी औषध, मग पाहू’ या पद्धतीस सबब नाही.

३) कृत्रिम सांधा, जाळी वा अन्य रोपण असलेल्या जागी स्राव दिसल्यास तो वरवरचा समजू नये. तेथे तैल, लेप, स्वेदन व अग्निकर्म वर्ज्य समजून रुग्णास त्वरित शल्यचिकित्सकांकडे पाठवावे.

४) जेथे व्रणधावन उचित आहे तेथे क्वाथ त्याच दिवशीचा, उकळून निवविलेला व झाकलेला असावा. कालचा त्रिफळा क्वाथ म्हणजे जंतूंचे खाद्य होय. जात्यादि तैलाच्या एकाच बाटलीत अनेक रुग्णांचे बोळे बुडवू नयेत.

५) अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचे व्याधिक्षमत्व औषधांनी मुद्दाम दाबलेले असते. त्यास रसायन वा अन्य द्रव्ये प्रत्यारोपण-तज्ज्ञांशी विचारविनिमय केल्याविना देऊ नयेत. अशा रुग्णाचा साधा तापही साधा नसतो.

६) एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवावेत. हा नियम सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित आहे.

७) पोटरीस एका बाजूने सूज व वेदना, किंवा अकस्मात दम, ही लक्षणे दीर्घ विमानप्रवास केलेल्या शस्त्रक्रियोत्तर रुग्णात दिसल्यास रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी. तेथे मर्दन करणे घातक ठरेल.

औषधविक्रेत्यांसाठी

१ मार्च २०१४ पासून औषधांच्या ‘एच-१’ अनुसूचीची अंमलबजावणी सुरू झाली. आरंभी तीत ४६ औषधे होती. सिफिक्झिम, सिफपोडॉक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी रोजच्या विक्रीतील नावेही त्यांत आहेत आणि मेरोपेनेम, इमिपेनेम यांसारखी राखीव औषधेही. ही औषधे देताना चिकित्सकाचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व परिमाण यांची वेगळी नोंदवही ठेवणे व ती तीन वर्षे जतन करणे बंधनकारक आहे. पुष्कळजण याकडे निरीक्षकासाठी करावयाची कारकुनी म्हणून पाहतात. परंतु हीच वही त्या आखाती देशातून आलेल्या भगिनीने आधी काय घेतले, हे शोधण्याचा एकमेव मार्ग असते.

परदेशस्थ ग्राहक जाताना ‘असू द्यावे’ म्हणून प्रतिजैविकांच्या पाच-दहा पट्ट्या मागतात. त्या देऊ नयेत. अर्धवट मात्रेने दोन दिवस घेतलेले औषध जंतूला मारत नाही, शिकविते. ग्राहक रुष्ट होईल, शेजारच्या दुकानात जाईल, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हा निर्णय एकट्याने न घेता गावातील सर्व विक्रेत्यांनी मिळून घेणे इष्ट. पट्टीवरील लाल रेघेचा अर्थ दोन वाक्यांत समजावून सांगणे, हीही सेवाच आहे.

रुग्णास काय सांगावे?

शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या वा जाणाऱ्या रुग्णाने निदान पुढील गोष्टी सांभाळाव्यात. परतीचे तिकीट शस्त्रक्रियेच्या तारखेवरून नव्हे, शल्यचिकित्सकाच्या सल्ल्यावरून काढावे. मधुमेह असल्यास साखर आधी नियंत्रणात आणावी. हिपॅटायटिस-बी ची लस पूर्वीच पूर्ण करावी. उपकरणांचे निर्जंतुकीकरण कसे होते हे विचारण्यास संकोचू नये. शस्त्रक्रियेचा अहवाल, रोपणाचा तपशील, दिलेली प्रतिजैविके व संवर्धनाचे अहवाल यांची प्रत सोबत घ्यावी. सहल आणि शस्त्रक्रिया एकाच प्रवासात उरकण्याचा मोह टाळावा. परदेशी परतल्यावर तेथील रुग्णालयाने तपासणीसाठी नमुने घेतले वा स्वतंत्र खोलीत ठेवले, तर तो अपमान समजू नये; ब्रिटन, नेदरलँड्स यांसारख्या देशांत परदेशी रुग्णालयातून आलेल्या रुग्णांसाठी तशी पद्धतच आहे. उलट, आपल्याकडील मोठ्या रुग्णालयांनीही ती अंगीकारावी, असे आमचे मत आहे.

उपसंहार

जुलै २०२३ पासून शासनाने आयुष उपचारांसाठी येणाऱ्या परदेशी नागरिकांकरिता स्वतंत्र आयुष व्हिसा सुरू केला आहे. म्हणजे पंचकर्मासाठी येणारा परदेशी रुग्ण आता आपल्याही दारी येणार. आज आपण मोठ्या रुग्णालयांविषयी जे प्रश्न विचारतो, तेच उद्या आपल्या बस्तियंत्राविषयी, रक्तमोक्षणाच्या जळवांविषयी व द्रोणीच्या स्वच्छतेविषयी विचारले जातील. जळू एका रुग्णासाठी वापरल्यावर दुसऱ्यास लावू नये, बस्तिनेत्र प्रत्येकाचे वेगळे असावे, वापरलेले तैल पुन्हा वापरू नये, या गोष्टींची नोंद ठेवण्याची सवय आताच लागली पाहिजे.

एनडीएम प्रकरणात आपले नाव जगभर गेले, ते आपण टाळू शकलो नाही. पुढच्या वेळी एखाद्या परदेशी वैद्याने परतलेल्या रुग्णाची कागदपत्रे उघडली, तर त्यात पलूससारख्या तालुक्यातील वैद्याने लिहिलेले नीटस टिपण, संवर्धनाचा अहवाल आणि औषधांची नेमकी यादी सापडावी. हे मात्र पूर्णतः आपल्या हाती आहे. आपल्या संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने वर्षातून एकदा या विषयावर चिकित्सक व औषधविक्रेते यांची संयुक्त बैठक घ्यावी, अशी सूचना करून हा लेख पूर्ण करतो.